दुतोंड्या

लॉजच्या रजिस्टरात एक रकाना होता: सोबत कोण.
तिदमे मॅनेजरनं पेन पुढं केलं, मान खालीच.
मी लिहिलं: पती, उद्या सकाळी येणार.
असे नवरे मी नऊ जिल्ह्यांत ठेवलेत,
सगळे उद्या सकाळी येणारे.
घरी, परभणीत, एकही नाही.

खोली पहिल्या मजल्यावरची मागितली.
तळाला नको, खिडकीतून हात येतो.
फार वर नको, हाक खाली पोचत नाही.
हे खैरनारबाईंचं. वीस वर्षं एकट्या फिरल्या.
रिक्षात बसताना नंबर मोठ्यानं वाचायच्या,
फोन बंद असला तरी:
"हो गं, एकेचाळीस बावीस, द्वारकेवरून वळतोय आता."
रिक्षावाला बहुतेक सरळच असायचा.
पण बहुतेक या शब्दावर डोकं ठेवून झोपू नये, म्हणायच्या.

उजेड होता तोवर नदीवर जाऊन आले.
दुतोंड्या मारुती उभा,
एक तोंड पुढं, एक मागं.
चहावाला म्हणाला, पूर आम्ही याच्या अंगावर मोजतो.
घोट्याला लागलं तर गाडा चालू.
कमरेला आलं की सामान हलवायचं.
गळ्याला आलं की नुसतं बघायचं.
मग म्हणाला, "एकट्याच का ताई?"
माझ्या घोट्याला पाणी लागलं.
"नाही, ते गाडी लावतायत."
अर्धा चहा टाकून पायऱ्या चढले.
चहा चांगला होता. आलं ताजं होतं.

रात्री दाराला कडी, आणि दाराशी वजनं.
पितळी. पाचची दोन, दोनची दोन, एकाचं एक.
उद्या पिंपळगावला द्राक्षवाल्यांचे काटे तपासायचे.
पंधरा किलो. ढकलणारा ढकलेलही,
पण मुकाट्यानं नाही.

साडेअकराला टकटक.
"ताई, शेजारच्या खोलीतली. माझी कडी लागतच नाहीये."
पाणी कमरेला.
"नाव?"
"रमिला पाडवी."
"गाव?"
"धडगाव. नर्सिंगची परीक्षा आहे उद्या."
"सेंटर कुठलं?"
"थांबा, हॉलतिकीटच देते."
आणि दाराखालून कागद आत आला.
फोटोत दोन्ही कान दिसत होते, नियमाप्रमाणे.

जमिनीवर बसून मी वजनं हलवू लागले.
एकाचं. दोनचं. दोनचं. पाचचं.
शेवटच्या पाचवर हात थांबला.
हिला कोणी पुढं केलं असेल तर?
जिन्यात अजून कोणी असेल तर?
दाराला कान लावला. एकच श्वास,
तोही धावून आल्यासारखा.
मग तेही हलवलं.

ती आत आली, पण बसली नाही.
आधी बाथरूममध्ये डोकावली,
वाकून पलंगाखाली पाहिलं,
मग पितळेकडं बोट: "हे कशाला?"
मला राग आला. मग हसू.
पारडी दोन असतात
हे पोटासाठी शिकलेली बाई मी,
आणि इतका वेळ एकातच बसून होते.

"साहेब सकाळी येणारेत ना? मॅनेजर म्हणाला."
"कोणी येत नाहीये," मी म्हटलं.
लॉजमध्ये हे वाक्य पहिल्यांदाच.
ती कॉटच्या कडेला टेकली.
"माझे बाबापण खाली थांबलेत," म्हणाली,
"तसेच."

दिवा कोणीच मालवला नाही.
तिची सॅक तिच्या डोक्याखाली, माझी पर्स माझ्या.
एकमेकींकडं पाठ करून पडलो,
तिचं तोंड दाराकडं, माझं खिडकीकडं.
आणि कधी कोण जाणे, मला झोप लागली.

जाग आली तेव्हा ती गेलेली. दार नुसतं ओढलेलं.
मी उठून वजनं मोजली.
पाच, पाच, दोन, दोन, एक.
मग तिचं हॉलतिकीट आठवलं.
चादर झटकली, कॉट सरकवली, दाराशी पाहिलं.
नेलं होतं तिनं.
मी मात्र तिथंच उभी राहिले थोडा वेळ,
आधी काय मोजलं ते आठवत.