गुरुवारची कडी

मी टॉयवो. या शाळेचा झाडूवाला, बॉयलरवाला,
अडकलेल्या चेनी सोडवणारा.
अठरा हिवाळे सरोवराकाठच्या याच इमारतीत.
पहिलीची मुलं दिवसभरात काय शिकली
ते मला तिन्हीसांजेला केरात कळतं.

डिसेंबरभर झिजत आलेली कागदी साखळी
सोमवारी पाच कड्यांवर होती.
रोज एक फाडायची. संपली की नाताळची सुट्टी.
त्या दिवशीच्या केरात चंदेरी भुकटी.
ती झाडून जात नाही, फक्त जागा बदलते.
बायकोनं रात्री माझ्या भुवईत दाखवली.

मंगळवारी आल्याच्या बिस्किटांची घरं,
दुधाच्या खोक्यांना साखरेचा गिलावा.
हमदीच्या घराला सात दारं.
सात कशाला गं?
"आमच्याकडे पाहुणे फार येतात."
नाताळ तिच्या घरी नसतो, पाहुणे बारमाही.
ऑस्करनं स्वतःचं छप्पर खाऊन टाकलं
आणि पाटीखाली लिहिलं :
'माझं घर उघडं आहे. हवा छान आहे.'
दोन अक्षरं उलटी, अर्थ सुलटा.

बुधवारी बादलीभर बर्फ आत आणला.
किती पाणी होईल? मिसेस ब्रँडवोल्डनी विचारलं.
बादलीभर, म्हणाले सगळे.
बीट्रिस म्हणाली, बादलीभर आणि वर थोडं.
जेवणाच्या सुट्टीनंतर पाहिलं तर
तळाशी चार बोटं पाणी, त्यात पाइनची एक सुई.
उरलेला गेला कुठे?
दोघं बाकाखाली वाकून शोधत होते.
संध्याकाळी पुसायला गेलो,
तर बाकाखाली तो होताच थोडा.

मग रात्री सरोवरावरून वारं सुटलं
आणि गुरुवार आलाच नाही.
म्हणजे रेडिओनं तसं सांगितलं : शाळा बंद.
बॉयलरला रेडिओ ऐकू येत नाही.
मी दारापासून रस्त्यापर्यंत फावड्यानं वाट काढली,
वळून पाहिलं तर मागची बुजलेली.
पहिलीच्या वर्गात डोकावलो.
पॅनकेक नावाच्या गिनीपिगला गाजर दिलं.
सात दारांचं घर एका बाजूला कललं होतं,
त्याला खडूच्या डब्याचा टेकू दिला.
एका छोट्या खुर्चीवर बसलो. गुडघे कानांशी आले.
रेडिएटर टकटकत होता,
दुसरं कोणी बोलत नव्हतं.

शुक्रवारी भांडण.
साखळीत कड्या दोन, दिवस एक.
"दोन्ही फाडा," ऑस्कर म्हणाला, "काल संपला."
"काल झालाच नाही," बीट्रिस, डोळ्यांत पाणी,
"आपण नव्हतो! कालचं गाणं राहिलं, काल राहिला!
ती कडी ठेवायची."
"मग सुट्टी उद्यापासून नाही?"
सगळा वर्ग गार.
वजाबाकीत असं कधी झालं नव्हतं.
मिसेस ब्रँडवोल्ड खडू हातात धरून गप्प.
त्यांना माहीत असणार, काही उत्तरं
फळ्यावर लिहिली की मरतात.

मी दारात बिजागरीला तेल घालत होतो.
हमदी वळली.
"मिस्टर टॉयवो, काल होता का?"

होता, मी म्हणालो.
दिवसभर होता.
पॅनकेकनं गाजर खाल्लं. तुझं घर पडत होतं, पडलं नाही.
चार वाजता अंधार पडला, रोजच्यासारखा.

एकवीस डोकी विचार करतात
तेव्हा वर्गाला एक वास येतो,
ओल्या लोकरीचा, संत्र्याच्या सालीचा.

"मग काल तुमचा," हमदीनं निकाल दिला.
"तुम्हीच फाडा."

माझी बोटं जाड, तेलकट. कागद हिरवा.
साखळीच्या खालून ती कडी काढताना
हात जरा थरथरला, खोटं कशाला सांगू.
एक राहिली. ती बीट्रिसनं फाडली,
आणि मग राहिलेलं गाणं,
दोनदा म्हटलं. एकदा कालचं.

तीन वाजता बसेस गेल्या.
केर फारसा नव्हता. एक लाल हातमोजा,
अर्धी खिडकी, खाण्यासारखी. खाल्ली.
गिनीपिगला कोटात घेऊन घरी आलो.
किल्ल्या काढताना खिशातून हिरवा कागद पडला.
हे काय, बायकोनं विचारलं.
गुरुवार, मी म्हणालो.
तिनं तो फ्रीजवर चिकटवला,
माझ्याकडे निरखून पाहिलं, हसली :
भुवईत अजून आहे तुझ्या.