स्रोताचा रकाना

तोकीत धूळ नवी नाही.
इथल्या टेकड्या पोखरून लोकांनी वाडगे केले,
अशाच एका टेकडीआड आमची इमारत आली
आणि इमारतीत ते पिळवटलेलं पोलादी कडं,
ज्याच्या पोकळीत आम्ही प्लाझ्मा
कशालाही टेकू न देता
अधांतरी धरून ठेवतो.

माझं काम त्या आगीचं नाही.
आगीची माणसं वरच्या मजल्यावर बसतात,
त्यांच्याकडे मोठे पडदे असतात, पाहुणे येतात.
मी चिझुरु इसोगाई, तळमजला, खोली नऊ,
आगीखाली सांडलेलं मोजते.

मार्चमधल्या त्या रात्री
सत्तेचाळीस मिनिटं तो तेवत राहिला.
कोणी खुर्चीतून उठेना. होजो-सानांनी
गार झालेला चहा तसाच हातात धरलेला.
अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला
कॅमेऱ्यात डावीकडून एक ठिणगी आली,
काजव्याइतकी, वळण घेत,
आणि विझलं सगळं.
एवढ्याशा कणानं
कोट्यवधी अंशांना धूळ चारली.
कोणी काही बोललं नाही. नुसते माझ्याकडे वळले,
जणू तो माझ्याच खिशातून सुटला होता.

मोजायच्या रीती आहेत, एकही धड नाही.
भिंतीशी तारांची जाळी बसवलेली:
दोन तारांत कण अडकला की क्षणभर चटका,
आकडा एकानं पुढे, आणि कणाची वाफ.
मोजला तो उरत नाही,
उरला तो मोजलेला नसतो.

लेझर मात्र मला लहानपणापासून ठाऊक आहे.
वडिलांच्या शेडच्या पत्र्याला भोक होतं,
सकाळी नऊला चाकापर्यंत कवडसा यायचा
आणि त्यात माती पोहायची.
वडील म्हणायचे, कवडसा पांढरा दिसला की दार उघड,
पिवळा असला तर चालेल.
एवढंच त्यांचं उपकरण.
चाळीस वर्षं दार बहुधा बंदच राहिलं,
ओले वाडगे वाऱ्यानं तडकतात.
आता डॉक्टर त्यांच्या छातीचा फोटो उजेडासमोर धरतात
आणि पेनच्या टोकानं पांढरे ठिपके मोजत जातात.
वडील विचारतात,
"माझ्या पोरीइतकं नीट मोजता ना?"

जूनमध्ये भांडं उघडलं.
दुहेरी हातमोजे चढवून मी आत शिरले,
रांगत, पाठीवर पंप,
वळणावळणातून वीतभर वीतभर चौकोन
गाळणीवर ओढून घेतले.
कोपऱ्यात सगळ्यात जास्त, घरात असते तशी.
मग तराजू. काच लावली, श्वास धरला,
त्याला माझा श्वासही वजन वाटतो.
आकडे थरथरले, बसले.
अख्ख्या हंगामाची धूळ
चहाच्या चमच्यात मावेल इतकी.

सूक्ष्मदर्शकाखाली
कार्बनचे पापुद्रे, कांद्याच्या सालीसारखे,
वितळून पुन्हा गोठलेले लोखंडाचे गोळे,
इतके गोल की कोणी चाकावर घडवलेत वाटावं.
आणि एकविसाव्या गाळणीवर एकच दाणा,
कोनेदार, फिकट. माती.
आमच्या यंत्रात माती कुठेच नाही.

आदल्या रविवारी मी शेडमध्ये वडिलांचे केस कापले होते.
जाळी, टोपी, दारातली हवेची फवारणी,
हे सगळं ओलांडून तो आला असेल.
नसेलही.

तक्त्यात शेवटचा रकाना: स्रोत.
होजो-सान म्हणाले, "अज्ञात लिहा. एका दाण्याचं काय?"
एका दाण्याचं काय, हे त्यांनी विचारावं!
मी पेन्सिलीनं लिहिलं: माणूस.
खोडलं. पुन्हा लिहिलं.

संध्याकाळी वडिलांनी विचारलं, किती भरली?
चमचाभरही नाही, मी म्हणाले.
ते हसले, हसता हसता खोकला आला,
तो थांबेपर्यंत मी मोजत राहिले
सवयीनं,
मग उठून दार उघडलं.