खिडकी नंबर तीन

प्रतिनिधी झाले त्या वर्षी
नव्या पोरांचे सगळे फॉर्म मीच भरायचे.
बोनाफाईड, स्कॉलरशिप, एसटीचा पास.
"दे इकडं" म्हणायचे, झालं.
"ताई, ताई" करत पोरं मागं फिरायची.
आवडायचं मला, खोटं कशाला बोलू.

मग उमदीची शिवलीला बिरादार आली.
जत तालुक्याचं टोक, घरी कन्नड.
हजेरीला तिचा आवाज फुटेपर्यंत
सर पुढच्या नंबरावर.
तिचाही फॉर्म मी भरला.
आईचं नाव चुकवलं.
महिन्यानं फॉर्म परत आला तेव्हा म्हणाली,
"मला तवाच दिसलं होतं ताई,
पण तुमचं अक्षर लई चांगलं होतं."

त्या रात्री होस्टेलवर
भडंगाचा घास घशाखाली उतरेना.

आता मी रांगेत तिच्या मागं.
पेन तिच्याकडं.
क्लार्क खेकसतो, ती माझ्याकडं बघते,
मी नोटीसबोर्डाकडं.

काल विश्रामबागच्या स्टॉपवर
एका नवख्या पोराच्या गुडघ्यावर फॉर्म होता,
शेजारी शिवलीला, हाताची घडी घातलेली.
"निधान," म्हणत होती, "निधान. घाई नको.
आईचं नाव तूच लिही."

मी पलीकडच्या बसमध्ये चढले.
तिनं पाहिलं नाही.