दहा किलोच्या खाली

धरणगावच्या जिनिंगवर मी काट्यावर बसतो.
कपाशीचा ट्रॅक्टर येतो, भरलेला तोलतो,
रिकामा होऊन येतो, पुन्हा तोलतो,
वजाबाकी करून पावती फाडतो.
एकोणीस सीझन झाले.

गेल्या श्रावणात डॉक्टर बडगुजरांनी
माझीच पावती फाडली:
एकशे चार. शुगर काठावर.
म्हणाले, रोज चाला, आणि जेवताना जेवा.
दुसरं वाक्य तेव्हा कळलं नाही.

पहिल्या दिवशी रेल्वे फाटकापर्यंत गेलो
आणि गेटमनच्या स्टुलावर बसून परतलो.
तिसऱ्या दिवशी पिंडऱ्यांचे दगड झाले.
पाचव्या दिवशी पाऊस,
सहाव्या दिवशी पावसाचं निमित्त.
मग कोकिळाने माझे बूट
मोरीच्या दारात आडवे ठेवायला सुरुवात केली.
बोलली काहीच नाही.
पहाटे पाचला ते ओलांडून जायचं
म्हणजे थेट तिच्याशीच खोटं बोलायचं.

दिवाळीपर्यंत फाटक मागे पडलं.
चोपडा रोडला केळीचे ट्रक मागून येतात,
त्यांच्या उजेडात माझी सावली
पुढे ताडासारखी बारीक पडते,
ट्रक जवळ आला की पुन्हा माझ्यासारखी.
तेवढ्या फुकटच्या बारीकपणावर
मी आणखी एक मैलाचा दगड गाठतो.

डब्याची गोष्ट वेगळी.
पूर्वी एका हाताने घास, एका हाताने नोंद.
जुनी रजिस्टरं उघडा,
शेवभाजीचे डाग सापडतील, तारखेनिशी.
आता डबा उघडला की काटा बंद.
ट्रॅक्टरवाले हॉर्न मारतात, मारू देत.
कळण्याच्या भाकरीचा पहिला तुकडा नुसताच चावतो:
आधी ज्वारी येते, मग मीठ,
उडीद सगळ्यात शेवटी, दाढेच्या कोपऱ्यात.
बावन्न वर्षं ही भाकरी खातोय
आणि उडदाची भेट आत्ता झाली.
तिसरी भाकरी उरते. ती भिलाभाऊ हमाल खातो,
साठीचा, काटकुळा, दिवसभर पाठीवर पोतं.
त्याला कुठल्याच डॉक्टरनं सांगितलेलं नाही
रोज चाला म्हणून.

रात्री घरी असाच हळूहळू जेवत होतो,
तर कोकिळा झाकपाक करून
आपलं ताट घेऊन आली, आणि मी अजून ताटावरच.
दोघंही दचकलो.
आजवर मी हात धुऊन उठल्यावरच ती बसायची.
तिच्या ताटात सकाळची भाकरी होती,
वरण तळाचं, करपट वासाचं.
मी हे कधी पाहिलंच नव्हतं.
माझ्यातली गरम अर्धी मोडून तिला दिली.
म्हणाली, डॉक्टरनं सांगितलं का?
मी म्हटलं, हो.

पौषात मेहुण्याच्या शेतात भरीत पार्टी झाली.
पऱ्हाट्यांवर भाजलेली वांगी, बडगीत कुटलेली मिरची,
कांद्याची पात, आणि पुऱ्या.
किती खाल्ल्या विचारू नका, मोजणं माझा धंदा आहे
म्हणूनच मोजल्या नाहीत.
दुसऱ्या दिवशी बूट दारातच होते.
पोटात वांगं, तोंडात जळजळ, तरी गेलो.
फाटकापर्यंतच. पण गेलो.

एक सांगायचं राहिलं.
आमचा काटा दहा किलोच्या खाली बोलत नाही.
संध्याकाळी यार्ड रिकामं झालं
की मी त्या लोखंडी पाट्यावर एकटाच उभा राहतो.
आकडा शंभर. महिनोन्‌महिने शंभर.
एकशे चारचाही शंभर, अठ्ठ्याण्णवचाही शंभर.
जे रोज होतं ते त्याला दिसत नाही.

परवा तिथेच बैठका मारत होतो,
बावीस, तेवीस,
आणि खाली बसताना आकडा थरथरला:
नव्वद. पुन्हा शंभर. पुन्हा नव्वद.
मी ओरडलो, भिलाभाऊ, पाहिलं का!
त्यानं पोत्यावरून मान वळवली, बिडी विझवली.
"तू हालना म्हनीसन आकडा हालना, भाऊ,"
म्हणाला, आणि भाकरीचं फडकं
घडी करून माझ्या डब्यात ठेवलं.

चोविसावी बैठक राहिली होती.
मारली.