रुपयाची जाडी

झोपाळ्याच्या कडीला, जिथं आता झोपाळा नाही,
ओढणीनं सीट बांधून सायकल टांगली आहे.
मागचं चाक फरशीपासून वीतभर वर.
खाली 'पुढारी' अंथरलाय, त्यावर तेलाचे डाग,
आणि मी, मांडी घालून,
जसा पंगतीत बसतो तसा.

उद्यमनगरात दिवसभर मायक्रोमीटर धरतो मी.
शंभरावा हिस्सा चुकला तर जॉब परत येतो.
आणि घरात हे दोन स्क्रू,
मुगाच्या दाण्याएवढे,
तीन संध्याकाळी झाल्या, ऐकत नाहीत.

झालं असं :
रविवारी वाघबीळच्या चढाला
चेन मोठ्या चक्रावरून लहानावर उतरेना.
खटका दाबतोय, दाबतोय,
पिंजरा नुसता थरथरतो, सरकत नाही.
मांड्या भरून आल्या, उतरलो,
ढकलत निघालो.
मगदूमांचा प्रज्योत शेजारनं गेला,
"काका, जोतिबाला पायीच जातात की!"

पहिल्या संध्याकाळी आतला स्क्रू पाव आटा सोडला.
काही नाही.
अर्धा आटा.
काही नाही.
पुन्हा अर्धा, जरा रागानं,
तर चेन थेट आत पडली,
आणि फ्रेमवर चरा उठला नखाएवढा.
दुसऱ्या संध्याकाळी बाहेरचा स्क्रू आवळला,
मग केबल ओढली, मग सैल केली,
मग कुठला स्क्रू किती फिरवला
याचाच हिशोब राहिला नाही.
आता चेन उतरत होती, पण चढत नव्हती,
आणि चढली की घासत होती,
खर्र, खर्र,
कुणीतरी बारीक आवाजात नाव ठेवत असल्यागत.

दस्तगीरमामांकडं नेली.
गंगावेशीत चाळीस वर्षं पंक्चर काढलेला माणूस.
चष्मा वर करून म्हणाले,
"आमच्या टायमाला पुढं एकच चक्र हुतं, बाबा.
बिघडायला जागाच न्हवती."
चहा पाजला. पैसे घेतले नाहीत.

आज पोरगी आली मदतीला.
"मी पॅडल फिरवतो, तू स्क्रू बघ."
मी स्क्रू बघत राहिलो.
ती वरून बघत होती, सीटवर हनुवटी टेकून.
"पप्पा, ह्यो पिंजराच तिरका हाय."

उठलो. तिच्या जागी गेलो.
खरंच.
पुढचं टोक चक्राच्या रेषेत, मागचं बाहेर,
दार नीट न लागल्यासारखं,
आणि सगळंच खाली घसरलेलं.
गगनबावड्याहून येताना टेम्पोत
पोत्यांखाली आडवी टाकली होती, ती आठवली.
स्क्रू बिचारे कधीच चुकले नव्हते.
मी तीन दिवस त्यांचेच कान पिळत होतो.

केबल काढली. पाच नंबरची चावी.
पट्टा सैल केला, पिंजरा वर घेतला.
मोठ्या चक्राचे दाते आणि पत्रा,
दोघांमध्ये किती फट?
मायक्रोमीटर कारखान्यात.
पोरीनं खिसे चाचपले, रुपया काढला.
"ह्येवढी बास?"
रुपया उभा सरकवला. अडकला, आणि हलला.
बास.

वरून नजर लावून पत्रा सरळ केला,
आवळला.
मग आतला स्क्रू, चेनला पत्रा लागता लागता राहील इतकाच.
मग केबल, पक्कडीनं ताणून.
शेवटी बाहेरचा.
"फिरव."
लहान. मोठं. लहान.
टक् असा एक आवाज, आणि मग
फक्त चाकाचा वारा.
पुन्हा. पुन्हा.
ती थांबेचना, आणि मीही थांब म्हणालो नाही.
पुढचं मोठं, मागचंही मोठं ठेवलं
तर अजून जरा घासतं.
तेवढं राहू दे.

सकाळी शिवाजी पुलाजवळ चहा घेतला.
सुट्टे काढताना हाताला तोच रुपया लागला,
ग्रीसनं काळा.
दहाची नोट दिली.