अष्टमीचा भांग

अष्टमीचा भांग लागला की पाणी पुरतं मागे सरत नाही.
कातळ अर्धे बुडालेले, कालवं खालच्या अंगाला,
आणि आम्ही चौघीजणी कार्लीच्या खाडीत, मांडीभर पाण्यात,
डोळ्यांनी नाही, हातांनी शोधतो.
बोटं कापतात. कुठे ते खारं पाणी लगेच सांगतं.

त्याआधी, पहाटे चारला, कायतानला उठवायचं.
उठवायचं म्हणजे कुशीवर वळवायचं.
उजवा अर्धा कायतान अजून माझ्याशी भांडतो,
डावा अर्धा नुसता जड.
पाठीला पावडर लावते, चादर ओढते,
आल्तारासमोरची वात पुढे सारते
आणि म्हणते, देवा, आज धीर दे.
मोठा नको. दुपारपर्यंत पुरेल एवढा.

या मागणीला तीन वर्षं झाली.
गेल्या शनिवारी कुमसाराला गेले.
जाळीआड फादर इनास खोकत होते.
नेहमीचं सगळं सांगितलं, आणि सवयीने शेवटी:
शाबेलशी बोलत नाही.
गडगा तिने वीतभर आमच्यात सरकवला,
एक रातांबा तिकडे गेला,
त्याच पावसात कायतान पडला.
बराच वेळ जाळीतून काहीच आलं नाही.
मग म्हणाले, "काय करायचं ते तुला ठाऊक आहे, आनामारी.
दर वेळी मला कशाला विचारतेस?"
आणि पुन्हा खोकले.

मी धीर मागितला होता.
मिळालं ते काम.

मंगळवारी कळलं, शाबेल तापाने पडलीय.
पोरगा ट्रॉलरवर, मंगळुराच्या बाजूला.
दोन दिवस कौलांतून धूर नाही.
माझ्या मनात पहिलं काय आलं
ते पुढच्या शनिवारी जाळीला सांगेन.

पेज टाकली.
मन नको म्हणत होतं, हात तांदूळ धूत होते.
ओहोटीला कुणी विचारतं का, तुझी इच्छा आहे का म्हणून?
भांगाची असली, अंगात ओढ नसली,
तरी वेळेवर निघते,
जमेल तेवढी मागे सरते.

वाटेने गेले असते तर सगळ्या वाडीने पाहिलं असतं.
म्हणून डबा चिऱ्यावर ठेवला, साडी खोचली,
आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी गडग्यावर चढले.
वर बसले.
एक पाय आमच्यात, एक पाय तिच्यात.
खरं सांगते, उधाणाच्या पाण्यालाही
मी कधी एवढी भ्याले नव्हते.
चिरा हलला. कुणी धरलं नाही.
वरून उजेडबिजेड काही पडला नाही.
खाली रातांबे पिकून फुटले होते,
त्यांच्यावरच उतरले. पाय लाल झाले.

शाबेलने मला पाहिलं, मग डब्याकडे,
मग भिंतीवरच्या सायबिणीकडे,
जशी काही तक्रार तिथे नोंदवायची होती.
मी तिचं डोकं मांडीवर घेतलं.
जड माणूस कसा उचलायचा
ते कायतानने हातांना शिकवलंय.
एक चमचा. दुसरा.
तिसऱ्याला ती म्हणाली,
"मीठ नाय गो ह्याच्यात."

खरंच नव्हतं. रागात विसरले होते.
तिच्या घरात कधी काळी वावरलेली मी,
बरणी शोधायला लागली नाही.
चिमूटभर घातलं, ढवळलं.
ती प्याली. आभार मानले नाहीत.
मीही गडग्याचं काढलं नाही.

आज दशमी. पाणी थोडं जास्त हटेल.
कायतानला वळवलंय, वात पुढे सारलीय,
चुलीवर पेज, डबे दोन.
धीर आलाय का, ठाऊक नाही. पाहायला सवड नाही.
गडगा आहे तिथेच आहे, रातांबाही तिकडेच.
तो चिरा अजून हलतो.
बसवायला हवा,
पण कुणाच्या बाजूने?