मोडलेला कान

कंग्राळीच्या तालमीत माती खणता खणता
पोरं मला विचारतात,
"भरमामामा, नेव्हीत कुस्ती कसली?
तिथं बटण दाबायचं
आणि वीस मैलांवर कोणीतरी बुडायचं."

व्हय रे. आम्हालाही तसंच शिकवलं होतं.
पडद्यावर हिरवा ठिपका,
ठिपक्याला नंबर, नंबराला अंतर.
अकरा वर्षं मी शत्रू पाहिला
तो मसुराच्या दाण्याएवढा.

मग ती एक रात्र.
समुद्र कुठला, बोट कुणाची, विचारू नका,
कागदावर सही केलीय.
दोन्ही जहाजांची रडारं गेलेली.
धुकं असं, की मार्कंडेयच्या काठावर जानेवारीत
बैलाला स्वतःची शिंगं दिसू नयेत.

आणि लोखंडाला लोखंड घासलं.
सांबऱ्याचं विमान डोक्यावरून खाली उतरतं,
तेव्हा मी बोलता बोलता गप्प होतो ना?
तुम्हाला वाटतं मामा विसरला.

नऊजण उडी टाकून पलीकडे गेलो.
पहिल्या वळणापर्यंत पाच उरलो.
त्या चौघांची नावं मी आंघोळ करताना घेतो,
इथं नाही.

दोन फुटी बोळ. लाल दिवा.
डिझेलचा वास, आणि कुठंतरी करपलेला भात.
(स्वैपाकी भात टाकून बंदूक घ्यायला धावला असणार.)
माझी बंदूक उचलायला जागा नव्हती,
टाकायला वेळ नव्हता.
समोरून एकजण आला आणि भिडला,
तू ह्या इराण्णाला रोज भिडतोस तसा,
कपाळाला कपाळ, मानेवर पंजा.

माझ्या तळव्याखाली त्याचा कान आला.
घट्ट, गोळा झालेला,
वाळल्या रताळ्यासारखा.
हा बघा माझा. लावा की हात, लाजता काय?
तसाच.

असा कान आई देत नाही, पोरांनो.
त्याला वर्षं लागतात,
आणि पहाटे चारला लाथ घालून उठवणारा
एखादा वस्ताद.

त्यालाही माझा कान लागला असावा.
कारण दोघांचेही हात ढिले पडले
एका श्वासापुरते.
सलामीला लागतो तेवढा श्वास.

मग मी ढाक लावली.
मी म्हणजे, माझ्या कमरेनं.
मला कोणी विचारलं नाही.

कुस्तीत आपण आस्मान दाखवतो.
तिथं आस्मान नव्हतं.
छताला पाईप, झडपा,
आणि झडपांवर त्यांच्या अक्षरांत काहीबाही.
आपल्या म्हाताऱ्या बसची पाटी बघून
शेजारणीला विचारतात, "काय लिहिलंय गं?"
मी खाली त्याच्याकडे पाहिलं.
तोच एकटा होता सांगणारा.
तो उताणा पडून ती अक्षरं वाचत होता,
मोठ्यानं नाही, नुसते ओठ हलत होते.

पाठ टेकली की कुस्ती संपते,
हा कायदा आपल्या आखाड्याचा.
तिथं हलगी थांबवायला पंच नव्हता.

पदक मिळालं. कागदावर होतं,
'निकटच्या चकमकीतील शौर्याबद्दल'.
गावच्या पोष्टातल्या बाई म्हणाल्या,
निकट म्हणजे जवळ.
म्हटलं, किती जवळ?
त्या हसल्या. शिक्का मारत बसल्या.

पोरं गप्प आहेत. फावडी टेकवून उभी.
इराण्णा गोकाकचा, त्याला मराठी अर्धीच कळते,
पण तोच विचारतो,
"आमेले?"

आमेले काय रे.
ताक आण ती बादली. हळद टाक, लिंबं पिळ,
ढेकळं राहू देऊ नकोस, गुडघे फुटतात.
आणि नागोजी, तू असा ये, समोर.
लगेच धरायचं नाही.
आधी मूठभर माती उचला,
त्याच्या अंगाला तू लाव, तुझ्या अंगाला तो.

आमचं तेवढं राहिलं.